भंगारातलं शंभर सीसी इंजिन आणि मेकॅट्रॉनिक्सची लॅब

यावल-रावेरच्या मळ्यांमध्ये वीजपंप येण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिन धडधडायचं. एका सिलिंडरचं, पाच अश्वशक्तीचं, पाटीवर 1500 आरपीएम (मिनिटाला फेरे) कोरलेलं. तसंच एक इंजिन बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये रोप ब्रेक (चाकाला दोर गुंडाळून इंजिनवर ओझं टाकण्याची सोय) लावून ठेवलेलं असतं आणि वर्षातून एकदा कार्यक्षमतेचा तक्ता भरण्यापुरतं चालतं. मेकॅट्रॉनिक्सचा, म्हणजे यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोड एकत्र चालवण्याच्या विषयाचा, पहिला तास त्याच्याजवळ उभं राहून घ्यावा. संगणक लागत नाही.

ब्रेकवर वजन वाढवलं की वेग 1500 वरून समजा 1440 वर येतो आणि तिथेच थांबतो. वेग धरून ठेवणारा गव्हर्नर चालू असूनही वेग पुन्हा 1500 वर का जात नाही, हा प्रश्न मुलांना विचारा. डिझेल वाढवायचं तर डिझेल पंपाचा दांडा, म्हणजे रॅक, सरकायला हवा. रॅक सरकायला गव्हर्नरची फिरती वजनं आत यायला हवीत, आणि ती आत येतात वेग कमी असला तरच. म्हणजे जादा डिझेल चालू ठेवायचं तर वेग थोडा कमीच राहिला पाहिजे. पीआयडी (चूक मोजून ती सुधारण्याची नियंत्रण पद्धत) यातल्या नुसत्या ‘पी’ने, म्हणजे चुकीच्या प्रमाणात दिलेल्या दुरुस्तीने, चूक शून्य का होत नाही, ते फळ्यावरच्या तीन समीकरणांपेक्षा इथे लवकर कळतं. स्प्रिंग बदलली की हा फरक बदलतो. फार मऊ स्प्रिंग लावली तर इंजिन हिंदकळायला लागतं, वेग वर-खाली होत राहतो. गेन, म्हणजे चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा, वाढवल्यावर होतं तेच, फक्त लोखंडात.

पुढच्या सगळ्या सत्रासाठी मात्र पेट्रोलचं शंभर सीसीचं, हवेने थंड होणारं मोटरसायकलचं इंजिन घ्यावं. जमिनीवरच्या रेघेमागे जाणाऱ्या लाइन फॉलोअर गाडीवर कोड पन्नास मिलिसेकंद उशिरा चालला तरी गाडी जरा डुलत पुढे जाते. इंजिनमध्ये 6000 आरपीएमला पन्नास मिलिसेकंदांत क्रँकचे (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याचे) पाच फेरे होऊन जातात. शिवाय आवाज, कंपन, उष्णता आणि प्लगचा हजारो व्होल्टचा गोंधळ सेन्सरच्या तारेशेजारीच असतो. त्यात जे टिकतं तेच मेकॅट्रॉनिक्स.

इंजिन निवडताना

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाड्यांनाही पेट्रोलचं इंजेक्शन आलं. आपल्याला हवं आहे त्याआधीचं, कार्ब्युरेटरचं. जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही भंगार बाजारात मिळतं. इंजिन नंबर खोडलेलं घेऊ नका, आणि पावती घ्याच. कॉलेजच्या नोंदवहीत चोरीच्या गाडीचं इंजिन चढलं तर पुढचं सगळं निस्तरत बसावं लागतं.

घेण्याआधी प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सात-आठ किका मारा. 9 किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या खाली आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट अगदी घट्ट असले तरी कॉम्प्रेशन कमी दिसतं, म्हणून आधी तेवढं फिलर गेजने पाहून घ्या. आपल्याला रेस लावायची नाही. पण ज्या इंजिनचा प्रत्येक स्ट्रोक वेगळा वागतो त्यावर कोडची चूक शोधता येत नाही.

स्टँडला 40 बाय 40 बाय 5 मिलिमीटरचा अँगल पुरतो, मूळ बोल्टच्या जागांवर रबर बुश टाकून. स्प्रॉकेट आणि मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) यांवर जाळी हवीच. उभ्या इंजिनला वाऱ्याचा झोत मिळत नाही, म्हणून समोर मोठा पेडेस्टल पंखा ठेवा. प्लगच्या वॉशरखाली थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) बसवा आणि 180 अंश सेल्सियसला इंजिन बंद करा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे हवाच 42-45 अंशांची असते, तेव्हा ही मर्यादा दहा मिनिटांतही गाठली जाते. उन्हाळ्यात बॅच सकाळी सातची घ्या. धूर पाइपने खोलीबाहेर काढा, नुसत्या उघड्या खिडकीवर भागवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोल एक लिटरच्या वर लॅबमध्ये नको. लाल मशरूम बटणाने इग्निशन आणि फ्युएल पंप दोन्ही एकदम तुटले पाहिजेत. एकच तुटतं असं वायरिंग बरेचदा दिसतं, ते चालणार नाही. मोकळ्या बाह्या, ओढणी, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, हे सगळं दाराबाहेर.

टीडीसी आधी, बाकी नंतर

पिस्टन सर्वांत वर (टीडीसीला) कधी असतो हे नेमकं माहीत नसेल तर पुढचे सगळे आकडे चुकतात. प्लगच्या भोकातून डायल गेज घातला तर सुई वरच्या टोकाला काही अंश जवळजवळ हलतच नाही. त्या सपाट भागात टीडीसी नक्की कुठे, ते सांगता येत नाही. म्हणून जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं काढून त्यात बोल्ट बसवा आणि पिस्टन वर येण्याआधीच अडेल असं करा. मॅग्नेटवर अंशांची चकती लावा. हाताने सावकाश एका दिशेने फिरवून अडेल तिथे खूण करा, उलट फिरवून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. मॅग्नेटवरच्या ‘टी’ खुणेशी ते जुळतं का तेही पाहा. एकदोन अंशांचा फरक निघाला तर आपली खूण धरा.

आता दात्यांची चकती. तिचे दाते सेन्सरसमोरून मोजले की क्रँक कुठे आहे ते कोडला कळतं. 3 मिलिमीटर माइल्ड स्टीलमध्ये लेझरने कापून घ्या, 36 दात्यांच्या जागा आणि त्यातला एक गाळलेला. ही चकती मॅग्नेटच्या बाहेरच्या तोंडावर बसते, त्यासाठी डावं कव्हर कापावं लागतं. चकतीचं डुगडुगणं 0.2 मिलिमीटरच्या आत हवं आणि सेन्सरची फट 0.8 मिलिमीटरच्या आसपास.

गाळलेला दाता कुठे ठेवायचा, यात हमखास चूक होते. मुलं तो टीडीसीवर ठेवतात, कारण हिशेब सोपा होतो. पण किक मारताना कॉम्प्रेशनमुळे क्रँक नेमकी टीडीसीजवळ मंदावते. कोड मागच्या दात्यापेक्षा दीडपट वेळ लागला की ‘इथे दाता नाही’ असं समजतो. टीडीसीजवळ साध्या दात्यालाही दीडपट वेळ लागू शकतो, मग कोडची मोजणी चुकते, ठिणगी भलत्या ठिकाणी पडते आणि किक उलटी येऊन नडगीवर बसते. रिकामी जागा टीडीसीच्या साधारण 90 अंश आधी ठेवा.

सेन्सर पहिल्या बॅचला हॉल प्रकारचा (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) द्या. तो किकच्या मंद वेगातही स्वच्छ चौकोनी तरंग देतो. आउटपुट ओपन कलेक्टर (फक्त ग्राउंडला जोडणारं, स्वतः व्होल्ट न देणारं) असेल तर 4.7 किलोओहमचा रेझिस्टर 5 व्होल्टला बांधावा लागतो. तो विसरला की स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) काहीच दिसत नाही आणि सेन्सर जळाला असं ठरवून मोकळं होतात. चुंबक आणि कॉइलचा व्हीआर सेन्सर दुसऱ्या फेरीत द्यावा. त्याचा व्होल्टेज वेगाबरोबर वाढतो, स्कोपवर किकला वीतभर आणि 6000 ला हातभर. त्याच्या दोन तारा उलट लागल्या तर इंजिन चालतंही, पण टायमिंग वेगाबरोबर सरकत राहतं. हा दोष पुढे परीक्षेला कामाला येतो.

अंश आणि मायक्रोसेकंद

या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून दोन तास गेले तरी जाऊ द्या. एक अंश फिरायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदात हवा असेल तर 166667 ला आरपीएमने भागा. 1500 ला 111 मायक्रोसेकंद, 6000 ला 28. आता आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर एकदा अ‍ॅनालॉग वाचायला सुमारे 110 मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे 6000 ला एक तापमान वाचेपर्यंत क्रँक चार अंश पुढे गेली. ठिणगीचा हिशेब मुख्य लूपमध्ये का ठेवायचा नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. दात्याचा इंटरप्ट (चालू काम थांबवून कोडला हाक देणारा सिग्नल) 6000 ला दर 278 मायक्रोसेकंदांनी येतो. त्यात सिरियल प्रिंटची (लॅपटॉपला मजकूर पाठवणारी) वेळखाऊ ओळ टाकणारा एकतरी गट प्रत्येक बॅचमध्ये निघतोच.

आणखी एक सापळा. 16 बिटचा टायमर बोर्डच्या घड्याळाला आठने भागून चालवला तर प्रत्येक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाची आणि टायमर 32.8 मिलिसेकंदांत भरून पुन्हा शून्यावर. फेऱ्याला एकच पल्स घेणाऱ्या गटाचं मोजमाप मग 1831 आरपीएमच्या खाली खोटं यायला लागतं. वेगात सगळं बरोबर, आयडलला (रिकाम्या सावकाश चालण्याला) मात्र मीटर भलताच आकडा दाखवतो. मुलं सेन्सर बदलतात, तारा बदलतात. भागाकार 64 केला की टिक 4 मायक्रोसेकंदांची होते, 229 आरपीएमपर्यंत मोजता येतं, आणि 6000 ला चूक होते ती जेमतेम 0.14 अंश.

पण सगळंच अंशात नसतं. इग्निशन कॉइल भरायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, वेग कितीही असो. 1500 ला ते 27 अंश होतात, 6000 ला 108. ठिणगी पडायची जागा अंशात ठरते आणि कॉइल चालू करायची वेळ तिथून उलट मोजून मिलिसेकंदात. इंजेक्टर उघडा ठेवायचा काळही मिलिसेकंदात. दोन घड्याळं शेजारीशेजारी चालतात, आणि कुठली राशी कुठल्या घड्याळावर चालते याचा तक्ता प्रत्येक गटाने भिंतीवर लावलेला असावा.

एका वेळी एकच बदल

पहिल्या टप्प्यात कार्ब्युरेटर आणि मूळ सीडीआय (ठिणगी देणारा डबा) तसेच ठेवून फक्त मोजायचं. याच टप्प्यात प्रत्येक दात्याला लागलेला वेळ साठवून 720 अंशांचा, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांच्या एका पूर्ण चक्राचा, आलेख काढा. कॉम्प्रेशनला क्रँक मंदावते, जळणाच्या स्ट्रोकला उसळते, एक्झॉस्टला तशी उसळी नसते. सिलिंडरमधल्या दाबाचा महागडा सेन्सर न घेता मिसफायर दिसतो आणि कुठला फेरा कामाचा तेही कळतं. कॅमला सेन्सर नसताना इंजेक्शन योग्य फेऱ्याला द्यायला हीच माहिती लागते.

दुसऱ्या टप्प्यात ठिणगी आपल्या हातात. सीडीआयची कॉइल 12 व्होल्टला थेट जोडू नका. ती कपॅसिटरच्या क्षणिक झटक्यासाठी बनलेली असते, सलग करंट देऊन ती तापते आणि जाते. आत इग्नायटर (कॉइलचा इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेली कारची कॉइल वापरा. कोड अडकला आणि पिन चालूच राहिली तर हीसुद्धा जळेल, म्हणून वॉचडॉग (अडकलेला कोड पुन्हा सुरू करणारा टायमर) लावा आणि 5 मिलिसेकंदांनंतर पुरवठा तोडणारं हार्डवेअर सर्किट वेगळं ठेवा. प्लग आणि कॅप रेझिस्टरवालेच घ्या. ठिणगी दर फेऱ्याला पडली तरी चालतं. एक्झॉस्टच्या शेवटी पडणारी ठिणगी वाया जाते एवढंच, मूळ सीडीआयही तेच करतो.

अ‍ॅडव्हान्स (टीडीसीच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) आधी सगळीकडे 10 अंश ठेवा आणि टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) मॅग्नेटवरची पांढरी खूण पाहा. 1500 पासून 4000 पर्यंत वेग नेताना खूण हलता कामा नये. वेगाबरोबर उशिराच्या बाजूला सरकत असेल तर साखळीत कुठेतरी ठरावीक उशीर आहे. 100 मायक्रोसेकंदांचा उशीर 1500 ला 0.9 अंश दिसतो आणि 4000 ला 2.4. उशीर मोजून कोडमध्ये वजा करा. मात्र काही स्वस्त टायमिंग लाइटचाही स्वतःचा उशीर असतो, म्हणून तीच खूण मूळ सीडीआयवर दुसऱ्या लाइटनेही पाहून ठेवा. ही परीक्षा पास झाल्यावरच 4000 च्या पुढे 28 अंशांपर्यंत नेणारा नकाशा (वेगानुसार आकड्यांचा तक्ता) भरायचा.

तिसरा टप्पा पेट्रोलचा, कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर. हिशेब आधी कागदावर करून घ्या. शंभर सीसी, भरण 80 टक्के. मे महिन्यातल्या 45 अंश सेल्सियसला हवा लिटरला 1.1 ग्रॅम, म्हणजे एका श्वासाला 0.088 ग्रॅम. पुस्तकातला 14.7 चा भागाकार (एका ग्रॅम पेट्रोलला 14.7 ग्रॅम हवा) इथे चालत नाही, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असेल तर योग्य प्रमाण 13.5 च्या आसपास येतं. तेव्हा 6.5 मिलिग्रॅम पेट्रोल, म्हणजे 8.7 मायक्रोलिटर. 14.7 धरून बसलं तर मिश्रण जवळजवळ 9 टक्के कोरडं, म्हणजे कमी पेट्रोलचं, होतं. डिसेंबरच्या सकाळी 10 अंशांना हीच हवा 12 टक्क्यांनी दाट असते. त्यामुळे मे महिन्यात सुरेख जमवलेला नकाशा नाताळात खोकायला लागतो, अर्थात हवेच्या तापमानाची दुरुस्ती कोडमध्ये नसेल तर.

इंजेक्टर काय देतो ते छापील आकड्यावरून घेऊ नका, मोजा. पेट्रोलऐवजी मिनरल टर्पेंटाइन घ्या, दाब 3 बार, खाली मोजपात्र. 3 मिलिसेकंदांचे 1000 पल्स द्या आणि मग 6 मिलिसेकंदांचे 1000. समजा पहिल्यांदा 3.3 मिलिलिटर आले आणि दुसऱ्यांदा 8.3. फरक 5 मिलिलिटर, म्हणजे दर मिलिसेकंदाला 1.67 मायक्रोलिटर. मागे हिशेब केला तर पहिल्या पल्समधले फक्त 2 मिलिसेकंद कामाचे होते, एक मिलिसेकंद सुई उघडण्यात गेला. वरच्या 8.7 मायक्रोलिटरला म्हणून 5.2 अधिक 1.0, एकूण 6.2 मिलिसेकंद. हाच प्रयोग 13.5 व्होल्ट आणि 10.5 व्होल्टला करा. बॅटरी उतरली की हा वाया जाणारा काळ वाढतो, आणि त्याची दुरुस्ती नसली की हेडलाइट लावल्यावर आयडल पडतं. इंजेक्टरवर नुसता साधा डायोड लावला तर करंट सावकाश विरतो आणि सुई उशिरा मिटते, पेट्रोल जास्त पडतं. 30-40 व्होल्टचा झेनर क्लॅम्प लावा, म्हणजे करंट लवकर विरतो.

अर्थिंग

बोर्ड मधूनच रिसेट होतो, तेही ठिणगी पडायला लागल्यावरच. ही तक्रार आली की कोड पाहू नका. कॉइलचा परतीचा करंट आणि सेन्सरची ग्राउंड एकाच तारेतून जात असते. कॉइल आणि इंजेक्टरची ग्राउंड इंजिनच्या बॉडीवर, सेन्सरची ग्राउंड फक्त बोर्डवर, आणि दोन्ही मिळतात एकाच बिंदूवर, बॅटरीच्या निगेटिव्हला. सेन्सरच्या तारेवरच्या शील्डचं (जाळीदार आवरणाचं) एकच टोक बांधायचं, बोर्डकडचं. स्टँडला रंग मारलेला असेल तर बोल्टखालचा रंग खरवडून काढा. इतकी साधी गोष्ट दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गटाचे चार दिवस खाते.

फीडबॅक

आयडल धरायला सर्व्हो मोटरवर थ्रॉटल लावून पीआयडी लिहिलं की पहिल्यांदा इंजिन जवळजवळ नक्की हिंदकळतं. कारण बहुधा गेनमध्ये नसतं. दर 10 मिलिसेकंदांनी वेग मोजला जातो, आणि 1500 ला पूर्ण चक्र 80 मिलिसेकंदांचं असतं. कॉम्प्रेशनच्या मंदावण्याला पीआयडी ‘वेग पडला’ समजतं आणि जळणाच्या उसळीला ‘वेग वाढला’. वेग पूर्ण 720 अंशांवर मोजा आणि पीआयडी दर चक्राला एकदा चालवा, हिंदकळणं अर्ध्याहून कमी होतं. उरलेलं ठिणगीने सावरा. अ‍ॅडव्हान्स दोन-तीन अंश हलवला तर परिणाम पुढच्याच चक्रात दिसतो, थ्रॉटलचा मात्र मॅनिफोल्ड (हवा आत नेणारी नळी) भरेपर्यंत थांबतो.

धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर एक्झॉस्ट पोर्टपासून 15-20 सेंटिमीटरवर लावा आणि त्याच्या पुढे पाइप पुरेसा लांब ठेवा, नाहीतर एका सिलिंडरच्या धडक्यात बाहेरची हवा मागे ओढली जाते. साध्या सेन्सरचा व्होल्टेज 0.1 ते 0.9, मधलं 0.45 म्हणजे योग्य मिश्रण, आणि 300 अंशांच्या वर तापल्याशिवाय तो बोलत नाही. तो पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो, हे मुलांच्या वहीत ठळक लिहिलेलं असावं. मिसफायर झाला की न जळलेली हवा बाहेर येते, सेन्सर ‘कोरडं’ म्हणतो, कोड पेट्रोल वाढवतो, प्लग आणखी भिजतो आणि आणखी मिसफायर होतो. म्हणून दुरुस्तीला अधिक-उणे 25 टक्क्यांची मर्यादा घाला आणि दात्यांच्या आलेखात मिसफायर दिसला की फीडबॅक बंद.

परीक्षा

प्रात्यक्षिक परीक्षेला कोड लिहायला लावण्यापेक्षा चालतं इंजिन बिघडवून द्यावं. झाकणाखाली चार स्विच: व्हीआरच्या तारा उलट, तापमानाच्या एनटीसीऐवजी (गारठ्यात ज्याचा ओहम वाढतो असा सेन्सर) जास्त ओहमचा रेझिस्टर म्हणजे कोडला इंजिन गारठलेलं वाटेल, सेन्सर ग्राउंडमध्ये अर्धा ओहम, आणि बोर्डला फेऱ्याला एकच पल्स देऊन आठच्या भागाकाराचा जुना कोड. प्रत्येक गटाला 40 मिनिटं, स्कोप, मल्टिमीटर आणि पान्यांचा डबा. गुण उत्तराला कमी, पुढे काय मोजायचं हे ठरवण्याला जास्त.

पाचवा दोष स्विचवर नसतो. सायलेन्सरचा नट पोर्टजवळ दीड फेरा सैल करून ठेवायचा. सेन्सर 0.1 व्होल्टवर बसतो, दुरुस्ती 25 टक्क्यांना टेकते, आणि प्लग काढून पाहिला तर काजळीने काळा. सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतो जास्त. लॅपटॉप तसाच ठेवून जो पोर्टजवळ हात नेतो आणि फटीतून येणारा फटफट आवाज ऐकतो, त्याला 10 नंबरचा पाना द्या. गॅस्केट मात्र दर वेळी नवी लागते, बॅचच्या संख्येइतकी आधीच आणून ठेवा.